मर्यादा एक्याऐंशी

गाडी कोणती घ्यायची यावर खोरे बचाव पथकाच्या चार बैठका झाल्या आणि चारही भांडणात संपल्या.

पथक लहान होते. कोयनेच्या फुगवट्यापलीकडच्या बावीस वाड्यांसाठी ते सोळा वर्षांपूर्वी सुरू झाले. कुणी कड्यावरून घसरले, कुणाला साप चावला, एखादी बाळंतीण अडली, की फोन पथकाला येई. कागदावर पंधरा जण, प्रत्यक्ष गाडीत बसणारे तीन. चालक सुजित उतेकर, वय एकेचाळीस, एरवी स्ट्रॉबेरीची रोपवाटिका चालवणारा. हैदर मुलाणी, गॅरेजवाला. आणि जखम बांधण्यापासून पत्रव्यवहारापर्यंत सगळे सांभाळणारे निवृत्त शिक्षक जंगमसर. त्यांच्या जुन्या डिझेल जीपची नोंदणी २०४१च्या मार्चअखेर संपत होती. पुण्याच्या एका ट्रस्टने नवी गाडी द्यायचे कबूल केले होते. किमतीचे आम्ही बघतो, इंजिन कोणते आणि वर काय काय साधने हवीत ते तुम्ही ठरवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

गाडीचे नाव ‘कातळ’. चारही चाके ओढणारी, छातीभर पाण्यातून जाणारी. दोन इंजिनांत मिळत होती. एक हायड्रोजन जाळणारे, जुन्या डिझेलसारखे घुमणारे. दुसऱ्यात इंजिनच नव्हते. प्रत्येक चाकात एकेक विजेची मोटर, अशा चार.

सुजितला पहिले हवे होते. “चढाला लागल्यावर गाडी काय म्हणते ते कानाला कळलं पाहिजे.”

“बायको काय म्हणते ते कळत नाही तुला, गाडीचं काय कळणार?” हैदर म्हणाला. त्याला अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे दोन विंच, एक पुढे आणि एक मागे, हवे होते आणि इंजिनाशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते. जंगमसर चार मोटरींच्या बाजूने होते, कारण त्यांनी माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचली होती.

खरा फरक आवाजाचा नव्हता. तो ‘भूवेध’चा होता.

भूवेध तीन वर्षांपासून प्रत्येक नव्या रानगाडीत सक्तीचा होता. कुंभाराकडून माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. भाजलेला वेगळा वाजतो, तडा गेलेला वेगळा. भूवेध जमीन तशी वाजवतो. चाकांच्या आसातून सेकंदाला चाळीस ठोके जमिनीत जातात आणि त्यांचे प्रतिध्वनी परत येतात. कातळावरून लवकर, ओल्या मातीतून उशिरा, पोकळीवरून फाटून. त्यावरून पुढच्या दहा मीटरची, दोन पुरुष खोलीपर्यंतची जमीन यंत्राला कळते. गाडीचे वजन, उतार आणि चाकाची घसर त्यात मिळवली जाते. मग हिमाचलपासून सह्याद्रीपर्यंत अशाच जागा ओलांडलेल्या लाखो गाड्यांच्या नोंदींशी हे सगळे ताडून पाहिले जाते आणि पडद्यावर एक आकडा येतो. ऐंशी, म्हणजे अशा शंभर प्रयत्नांत ऐंशी गाड्या पार होतात. वीस होत नाहीत. कंपनी त्याला पारांक म्हणे. लोक नुसते आकडा म्हणत, आणि मटक्याचे दिवस आठवणारे म्हातारे विचारत, “आज काय लागला?”

हायड्रोजनच्या इंजिनाला धडधड असते आणि त्या धडधडीत प्रतिध्वनी बुडतात. त्यामुळे तिथला आकडा दहाने इकडेतिकडे होतो. नियमाने तो फक्त सल्ला धरला जाई आणि चालक स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाऊ शके. चार मोटरींची गाडी उभी असताना निःशब्द असते. तिचा आकडा दोनाहून जास्त चुकत नाही, म्हणून तो बंधनकारक होता. गाडी घेताना मालकाने साठ ते पंचाण्णव यांमधली एक मर्यादा लिहून द्यायची. आकडा त्याखाली असेल तर गाडी पुढे जात नाही. मर्यादा मोहोरबंद असे आणि वर्षातून एकदाच बदलता येई. बचावाच्या गाडीला आणखी एक अट होती. आत बसणाऱ्या प्रत्येकाच्या घरातल्या एका मोठ्या माणसाची संमती लागे.

म्हणून मे महिन्यातल्या एका मंगळवारी साताऱ्याच्या शोरूममध्ये सहा माणसे गेली. सुजित आणि त्याची बायको तेजश्री, हैदर आणि त्याची बायको नसीम, जंगमसर आणि त्यांचा थोरला मुलगा. अन्विता गुजर नावाच्या सल्लागार मुलीने सगळ्यांना लिंबूसरबत दिले आणि टॅबलेट पुढे ठेवला.

टायर ठरले. पाण्यातून जाताना वरून हवा घेणारी नळी ठरली. स्ट्रेचर बसवायची चौकट ठरली. हैदरला दोन विंच मिळाले.

“छताला काच हवी का? उघडणारी?” अन्विताने विचारले.

“पेशंटला आभाळ दाखवायला?” नसीम म्हणाली. “नको बाई, तो तिकडंच निघालेला असतो.”

मग इंजिनावर गाडे अडले. सुजितने आपले म्हणणे पुन्हा मांडले. तेजश्री तोवर गप्प होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे आणि प्रश्न नीट कळल्याशिवाय बोलत नसे.

“म्हणजे पहिल्या गाडीत हे ठरवणार आणि दुसरीत गाडी ठरवणार,” ती म्हणाली.

“दुसरीतही तुम्हीच ठरवणार, मॅडम,” अन्विता म्हणाली. “आत्ता, इथं बसून. गाडी फक्त ते लक्षात ठेवणार.”

“मग दुसरीच घ्या.”

“तेजू, अगं आकडा आपल्याला दोन्हीकडं दिसणारच आहे...”

“दिसून तुम्ही थांबणार आहात का? दोन वर्षांमागं मागचं चाक दरीत लोंबकळत होतं तुमचं. घरी येऊन हसत सांगत होतात. मी रात्रभर पंख्याकडं बघत होते.” ती अन्विताकडे वळली. “यांना नको म्हणणारं कुणीतरी गाडीत पाहिजे. मी काही गाडीत बसत नाही.”

नसीमने मान डोलावली. जंगमसरांनी डोलावली. सुजित हसला आणि त्याने हात वर केले. चार मोटरी ठरल्या.

मर्यादेला दहा मिनिटे लागली. सुजित साठ म्हणाला, जंगमसर पंच्याऐंशी, हैदर पंचाहत्तर. ऐंशीवर तडजोड झाली. अन्विताने आठ आणि शून्य टाकले.

“शून्यावर नका ठेवू,” तेजश्री म्हणाली. “एक घाला वर.”

खोऱ्यात लग्नाचा आहेर कुणी शून्यावर देत नाही. एकावन्न देतात, एकशेएक देतात. बी मोजून दिले तरी मूठभर वरून टाकतात. शून्यावर संपलेले पुढे वाढत नाही, अशी समजूत. अन्विता हसली. “आमच्याकडंही असंच आहे. एक्याऐंशी करू?” कुणी हरकत घेतली नाही. सुजितने मान हलवली. तो तेव्हा हैदरबरोबर विंचच्या दोराची जाडी बघत होता. सहा सह्या झाल्या.

जूनमध्ये गाडी आली. जुलैअखेरपर्यंत तिने नऊ जणांना खाली आणले. दोनदा ती थांबली आणि दोन्ही वेळा पथकाला दुसरी वाट सापडली. सुजितला आवाजाची आठवण यायची बंद झाली.

सतरा ऑगस्टला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन वाजला. सासूचा होता. यमुनाबाई संकपाळ वरच्या निवळवाडीत राहत, मुलाकडे. तेजश्रीचा हा एकुलता भाऊ, दिग्विजय, बत्तीस वर्षांचा.

“पाव्हणं, दिग्याला गव्यानं मारलंय. मांडीत शिंग घुसलं. रगात थांबंना.”

धुके खाली उतरले होते. रुग्ण उचलणारे ड्रोन साताऱ्याहून उडायला तयार नव्हते. सुजितने तेजश्रीला शाळेत फोन करून सांगितले. ती एवढेच म्हणाली, “लवकर जा.”

एक बावन्नला गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर पोचली. तिथे दरड आली होती. चाळीस मीटर रस्त्यावर चिखल आणि दगडांचा ढीग, डावीकडे दरी. ढिगावर पायाने चालता येत होते. त्यापलीकडे निवळवाडीपर्यंत अकरा किलोमीटर रस्ता मोकळा होता, म्हणजे कातळला वीस मिनिटे.

पडद्यावर आकडा आला. चौऱ्याहत्तर.

तिघांनी कामाला सुरुवात केली. हैदरने फावड्याने वरचे पाणी बाजूला काढून दिले. जंगमसरांनी चाकाच्या रेषेत दगड बसवले. वजन कमी करायला मागचा विंच, जादा टायर, हत्यारांची पेटी, सगळे खाली उतरवले. आकडा वाढत गेला. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. दोन अठ्ठावीसला ऐंशी झाला. हैदर आणि सर चालत पलीकडे गेले, म्हणजे तेवढेही वजन कमी. गाडीत एकटा सुजित उरला.

ऐंशी.

त्याने पॅडल दाबले. पडद्यावर ओळ आली. मर्यादेखाली आहे. गाडी पुढे जाणार नाही.

“सीट काढू का रे?” हैदर पलीकडून ओरडला. त्याने येऊन मागची सीट काढून खाली टाकली. दोन दगड बदलले. एकोणऐंशी झाला. पुन्हा बदलले. ऐंशी. दोन बेचाळीसला फोन वाजला. वरच्या लोकांनी दिग्विजयला डोलीत घालून चालवायला सुरुवात केली होती आणि तो स्वतःच बोलत होता. आवाज बारीक आला होता, पण तोच.

“दाजी, नवीन गाडी घेतलीया म्हणं. बघायला कधी आणताय?”

“आणतोय,” सुजित म्हणाला. “निघालोच.”

दोन पन्नासला त्याने गाडी सोडली. तिघेही चढाने पळत सुटले. सरांच्या पाठीवर पट्ट्यांची आणि सलाइनची पिशवी होती. सहाव्या किलोमीटरला, चार वाजून पाच मिनिटांनी, समोरून डोली आली. आठ माणसांनी ती खाली ठेवलेली होती आणि कुणी ती उचलत नव्हते. यमुनाबाई डोलीजवळ मातीत बसल्या होत्या. दहा मिनिटे झाली, असे कुणीतरी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दरड काढायला जेसीबी आला. चालकाने तोंडातला तंबाखू थुंकला, ढिगाकडे एकदा बघितले आणि रस्ता पलीकडून साफ करायचा म्हणून सरळ त्यावरून गेला. कातळच्या तिप्पट वजनाचा जेसीबी. काहीही हलले नाही. बाजूला उभ्या असलेल्या वीसेक माणसांनी ते पाहिले.

आठवड्याने कंपनीचा अभियंता आला. त्याने यंत्र तपासले. यंत्र बरोबर होते. “ऐंशी म्हणजे पाचांतल्या चार वेळा असंच होतं, जमीन टिकते,” तो जंगमसरांना म्हणाला. “ही चारांतली आहे की पाचवी, ते गेल्याशिवाय कळत नाही. आकडा ते सांगतच नाही.” सरांनी हे पथकाच्या सगळ्यांना समजावून सांगितले. सगळ्यांना समजले. उपयोग काही झाला नाही.

पूर्वी खोऱ्यात असे कुणी गेले की लोक म्हणत, वाट नव्हती. तीन शब्दांत सगळे मिटे. जीप का आली नाही, चालक घाबरला का, त्याने अजून दहा पावले रेटली असती तर काय झाले असते, हे कुणी विचारत नसे, कारण उत्तर कुणाकडेच नव्हते. नदीला पूर होता, दरड होती, वाट नव्हती. मयताच्या घरचे लोकही हेच म्हणत आणि चालकाला चहा देत. आता वाट होती. किती होती ते लिहून ठेवलेले होते. बचावाच्या गाडीची नोंद चोवीस तासांत तालुक्याच्या पानावर चढवायची आणि ती कुणालाही बघता येईल, असा नियम होता. तो नियम चांगल्या हेतूने केलेला होता. निवळवाडीत सतरा जणांच्या फोनवर ते पान उघडले गेले. दोन अठ्ठावीस ते दोन पन्नास. पारांक ऐंशी. मर्यादा एक्याऐंशी.

दहाव्याला नदीकाठी शंभरेक माणसे होती. विधी आटोपले. यमुनाबाई दगडावर बसल्या होत्या, शेजारी तेजश्री. सुजित पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी विचारले. आवाज चढवला नाही.

“पाव्हणं, ऐंशी होतं म्हणत्यात.”

“होय.”

“आन तुमचं एक्याऐंशी.”

“होय, मामी.”

“त्यो वरचा एक कशाला वं घातला?”

सुजितने तेजश्रीकडे पाहिले. ती मान खाली घालून ओल्या पदराच्या टोकाला पीळ देत होती. तिने वर पाहिले नाही. त्याने जरा वाट पाहिली. जंगमसरांच्या नंतर लक्षात राहिले ते हेच, की त्याने बरीच वाट पाहिली.

“चुकलं,” सुजित म्हणाला.

त्या दिवसापासून यमुनाबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. लेकीशी बोलत, तिला धरून रडत. जावयाच्या घरचे पाणी मात्र त्यांनी सोडले. बाजारात लोक उघड काही म्हणत नसत. चहाच्या टपरीवर कुणीतरी कप पुढे करून विचारी, “उतेकर, साखर एक चमचा जास्त टाकू का?” बाकीचे दुसरीकडे बघत. एकदा हैदरने अशा एकाच्या शर्टाला हात घातला. सुजितनेच तो सोडवला.

हैदर आणि नसीम खरे काय ते जाणत होते. जंगमसर आणि त्यांचा मुलगाही जाणत होते. चौघांनी एकमेकांत न बोलता ठरवले की हा नवराबायकोचा प्रश्न आहे.

घरात त्यावर पहिले बोलणे पंधरा दिवसांनी झाले. तेजश्री भाकरी थापत होती.

“मी सांगते आईला,” ती म्हणाली.

“सांग.”

“आत्ता तिला झेपायचं नाही. गौरी जाऊ देत.”

गौरी गेल्या. मग दसरा झाल्यावर सांगायचे ठरले. मग दिवाळीत आई एकटीच बसली होती आणि तिने फराळाला हात लावला नाही, तेव्हा कसे सांगणार. सुजित दर वेळी “बरं” म्हणे. जानेवारीत त्याने पहिल्यांदा आपण होऊन विषय काढला.

“अजून किती दिवस, तेजू?”

“तिथं शंभर माणसांत चुकलं म्हणालात ते तुम्ही,” ती म्हणाली. “मी म्हणा म्हटलं नव्हतं.”

त्याने ताट बाजूला सारले नाही. जेवण पुरे केले, हात धुतले आणि रोपवाटिकेत गेला. त्यानंतर त्याने कधी विचारले नाही. ती मुळात वाईट बाई नव्हती. भावाचे शाळेचे डबे तिने केले होते, त्याच्या लग्नाचेही तीच बघत होती. आईला आता तीच एक उरली होती आणि हेही गेले तर तिच्याकडे काय राहते, याचा हिशेब ती रोज करत असणार. सुजितला हे सगळे कळत होते. कळत असल्यामुळे तो बोलत नव्हता, आणि बोलत नसल्यामुळे ते दोघांच्या मध्ये बसून राहिले होते.

मेमध्ये मर्यादा बदलायची मुदत आली.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक ठेवली. अन्विता गुजर टॅबलेट आणि कॅमेरा घेऊन साताऱ्याहून आली. संमती कॅमेऱ्यासमोर द्यायची, असे आता ठरले होते. खोऱ्यातल्या लोकांचा आग्रह होता की मर्यादा साठ करावी, कायद्याने सर्वांत खाली. पन्नासेक माणसे आली होती. शेवटच्या रांगेत यमुनाबाई येऊन बसल्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते.

पहिले नाव हैदरचे. नसीम उठली.

“साठ म्हणजे पाचांत दोनदा गाडी खाली. असंच ना?”

“साठच आकडा असेल तर,” अन्विता म्हणाली.

“मग माझी सही पंचाहत्तरच्या खाली होणार नाही. शिव्या द्यायच्या तर आत्ताच द्या, मी उभीच आहे.”

कुणी शिव्या दिल्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणाले, “आपला तो बाब्या.” नसीम त्याच्याकडे बघत खाली बसली. जंगमसरांच्या मुलाने ऐंशीच ठेवायचे म्हटले आणि सरांनी त्याला अडवले नाही. याने मर्यादा अडत नव्हती. नियम असा होता की ज्यांच्या घरची संमती नाही त्यांनी धोक्याच्या जागेआधी उतरायचे आणि चालत ओलांडायचे. गाडीत राहावे लागते ते फक्त चालकाला. साठ होणार की नाही हे एकाच सहीवर होते.

“तेजश्री सुजित उतेकर,” अन्विताने नाव घेतले.

सुजित भिंतीला टेकून उभा होता. नसीमने वाट करून दिली होती. तेजश्रीला फक्त एक आकडा बोलायचा होता, पंचाहत्तर, ऐंशी, काहीही. पण नवऱ्याला जपणारा आकडा तिच्या तोंडून आला असता तर शेवटच्या रांगेतली बाई उठून एकच प्रश्न विचारणार होती, तो वरचा एक तूच घातला होतास का, आणि त्याचे उत्तर तेव्हा शोरूममध्ये असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. तेजश्री कॅमेऱ्यासमोर बसली. तिने आधी मागे पाहिले, आईकडे. मग सुजितकडे पाहिले नाही.

अन्विताने छापील मजकूर वाचला. “साठ मर्यादेत वाहन चालवताना आपल्या पतीच्या जिवाला असलेला धोका आपल्याला समजावून सांगितला आहे का?”

“हो.”

“तो आपल्याला समजला आहे का?”

“समजला.”

“आपली काही हरकत?”

सभागृहातला पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली.

“नाही,” तेजश्री म्हणाली आणि तिने बोटाने सही केली.

यमुनाबाई रांगेतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. “चांगलं केलंस,” त्या म्हणाल्या. मग नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्या सुजितशी बोलल्या. “येते तुमच्याकडं चहाला, पाव्हणं.” त्या संध्याकाळी त्या खरेच आल्या. चहा घेतला, पाणी घेतले, नातवंडाला जवळ घेतले. तेजश्रीने त्यांना जेवायला ठेवून घेतले. सुजितने स्वतः वाढले.

त्या पावसाळ्यात कातळ अकरा वेळा वर गेली. हैदर आणि सर धोक्याच्या जागी उतरत, पलीकडे चालत जाऊन उभे राहत आणि तिकडून बघत. हैदर म्हणे, “सुज्या, हा पेशंट तापाचा आहे, दोन तास थांबेल, उतर.” सुजित उतरत नसे. पूर्वी मागे फिरायचे की नाही हे त्याला ठरवता येई. आता गाडी जाऊ देत होती, आणि ज्याला गाडी जाऊ देते तो मागे फिरला तर ते पान पुन्हा सतरा फोनांवर उघडणार होते.

पहिल्या फेरीनंतर तो घरी आला, तेव्हा तेजश्रीने दारात विचारले, “जेवलात का?”

“चौऱ्याहत्तर,” तो म्हणाला आणि बूट काढू लागला.

पुढच्या वेळी तिने काही विचारले नाही, तरी त्याने सांगितले. “अडुसष्ट.” मग एकाहत्तर. मग सहासष्ट. तो आकडा सांगे, हातपाय धुई आणि जेवायला बसे. आवाजात राग नसे. वर्तमानपत्रातला पाऊस वाचून दाखवावा तसा तो सांगे. ऑगस्टमध्ये एकदा चौसष्ट म्हणाला, तेव्हा तिच्या हातातून आमटीचा डाव ताटात पडला. तिने तो उचलून धुतला. शाळेत तिचे लक्ष लागेनासे झाले होते. वर ढग दिसले की ती फळ्यावर लिहायचे थांबे आणि मुले आपापसांत बोलू लागत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवळवाडीच्याही वरच्या वस्तीवरून एका बाईला आणायचे होते. सुजित सकाळी आठला गेला, दुपारी तीनला परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्याने मोरीत पाय धुतले, तोंडावर पाणी मारले. तेजश्री टॉवेल घेऊन उभी राहिली. त्याने टॉवेल घेतला, तोंड पुसले, तारेवर वाळत घातला आणि पाटावर येऊन बसला.

ती ताट घेऊन आली, पण तिने ते खाली ठेवले नाही.

“किती होता?”

“काय?”

“आकडा. आज सांगितला नाहीत.”

“बघितला नाही,” सुजित म्हणाला. “पडदा बंद करून टाकलाय मी, महिना होईल. साठाच्या खाली गेला तर गाडीच थांबेल की. त्याच्या वर सगळं चालतं, तुझी सही आहे.”

“मग मला महिनाभर सांगत होतात ते?”

“ते मी मनानं सांगत होतो,” तो म्हणाला. “वाढ आता.”